केंदाळ, म्हशी आणि पाणघोडा

शेजारच्या आप्पांच्या मेहुण्याच्या गावात पाझर तलावात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजलंय आणि आता त्यावर तणनाशक मारायचं घाटतंय, ही बातमी आमच्या सांगलीजवळच्या माधवनगरात कुंपणावरून आली. अशा बातम्या पेपरात येत नाहीत. आप्पा गोकर्णीचा वेल तारेवर चढवत होते, मी कपडे वाळत घालत होते.

“ऐकलासा काय वहिनी? सरपंच म्हंतोय, पंप पाठीवर घ्यायचा, गुळाच्या काहिलीत बसायचं आणि मारून टाकायचं. आठ दिवसांत तळं साफ!”

“आणि मासं?” आप्पांच्या बायको, आक्का, आतून ओरडल्या. त्या स्वयंपाकघरात असल्या तरी कान कुंपणावरच असतात. “ती पण साफच की मग!”

गाव येरळा नदीच्या बाजूचं. आप्पांचं आजोळही तेच, कारण आक्का त्यांच्या मामाची मुलगी. त्यामुळे त्या तळ्याबद्दल दोघांनाही बोलायचा हक्क आहे आणि दोघंही तो पुरेपूर बजावतात. केंदाळ तिथं आलं कसं, यावर दोन मतं आहेत. आप्पा म्हणतात, मत्स्यबीजाच्या गाडीबरोबर आलं. आक्का म्हणतात, एका बड्या घरच्या सुनेनं शेतघराच्या टाकीत जांभळी फुलं शोभून दिसतात म्हणून आणून सोडलं आणि टाकी धुताना ते ओढ्यात गेलं. कोणत्या घरची, ते त्यांनी मला सांगितलंय. इथं लिहीत नाही. पण आक्कांचं म्हणणं खोटं ठरवायला जागा नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या पाण्यातली ही वनस्पती जगभर फिरली ती फुलांच्या हौसेनंच. बंगालमध्ये ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली आणि पुढे भाताची खाचरं, नाले, होड्यांच्या वाटा असं काही शिल्लक ठेवलं नाही. शेवटी 1936 साली तिथं केंदाळाविरुद्ध खास कायदा करावा लागला. आपल्या हद्दीतलं केंदाळ काढणं लोकांवर बंधनकारक झालं. लोक तिला जर्मन पाना म्हणत. पहिल्या महायुद्धात जर्मनांनीच हे सोडलं, अशी तिकडची कुंपणावरची बातमी.

आप्पांना तणनाशकाचा राग आहे तो माशांपेक्षा द्राक्षांमुळे. त्या तळ्याच्या खालच्या अंगाला विहिरी आहेत आणि विहिरींवर बागा. “उसात टू-फोर-डी मारली आणि वारं फिरलं, तर शेजारच्या बागेचं काय होतंय ते तासगावात कुणालाबी इचारा,” ते म्हणाले. खरंच आहे ते. द्राक्षवेल या औषधाला फार नाजूक. पानं आकसतात, वाकडी होतात, शिरा एकमेकींजवळ येतात आणि त्या फुटीचा घड धड येत नाही. ते औषध पाण्यावर उघड्यानं मारायचं आणि तेच पाणी मोटरनं बागेला द्यायचं, यापेक्षा बागायतदारानं स्वतःच्या हातानं बागेवर कुऱ्हाड चालवावी.

दुसरं असं, की फवारलेलं केंदाळ मरतं पण जात नाही. ते पिवळं पडतं, तपकिरी होतं आणि तळाला बसून कुजायला लागतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मग पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतात आणि दोन दिवसांत पोट वर करून काठाला लागतात. त्या कुजक्या सांगाड्यातलं सगळं खत पुन्हा पाण्यातच. बी तर तळाशी आधीपासून बसलेलं, पंधरा-वीस वर्षं दम धरणारं. पुढच्या पावसात खत तयार, बी तयार, ऊन तयार. ज्यांनी बिल काढलं तेही तयार, पुढच्या बिलाला.

“तुमच्या लहानपणी होतं का हो हे केंदाळ?” मी विचारलं.

“नावबी नव्हतं.” आप्पांनी वेल सोडला आणि तारेवर हात टेकले. म्हणजे आता अर्धा तास गेला. “साठ-पासष्ट साल असंल. दिवाळी झाली की जीपगाडी यायची. दोननळी बंदुका, टोप्या, थर्मास. बदकं मारायला. आम्ही पोरं काठाला उभी. बार झाला की पाण्यात उड्या. बदक आणून दिलं की चार आणे. जिवंत आसंल तर मुंडी मुरगाळायची आणि मग द्यायचं. पाण्याखाली गवत असायचं, ते पायाला गुंतायचं, पण हाताला बदक लागायचं. आत्ता तिथं बार काढला तर पडल्यालं बदक देवालाबी घावायचं न्हाई.”

“आणि छर्रा!” आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. “एकदा वाटणीला एक बदक आलं घरात. कालवण केलं. आमच्या म्हातारीच्या दाताखाली छर्रा आला, दातच गेला. मग तिनं शपथ घातली, पुन्हा उंबऱ्याच्या आत आणायचं न्हाई.”

त्या जीपगाडीवाल्यांची एक गोष्ट मात्र आप्पा मान्य करतात. ते येण्याआधी त्यांची माणसं येऊन मधलं पाणकणीस कापून काढायची. कडेचं ठेवायची, लपून बसायला. मधे मोकळं पाणी आणि कडेला आडोसा, एवढं त्यांना कळत होतं, कारण बदकाला तेच लागतं. तळं वापरात होतं तोवर कुणाला तरी त्याची गरज होती. मला बंदुकीचं प्रेम नाही, पण ही गोष्ट मनात राहिली.

शिकार पुढे कायद्यानं बंद झाली, तीही एका दमात नव्हे. 1972 चा वन्यजीव कायदा आला तेव्हा बदकं छोट्या शिकारीच्या यादीत होती; परवाना घेऊन मारता येत. 1991 च्या दुरुस्तीनं तो परवानाही गेला. आज हळदी-कुंकू बदक मारलं तर तुरुंग आहे. पण त्याचं तळं सांडपाण्यानं भरून टाकलं तर काय होतं? उद्घाटनाला नारळ फुटतो.

आक्कांचा नातू इंजिनिअरिंगला आहे आणि रविवारी कॅमेरा घेऊन मायणी, येरळवाडी करत फिरतो. थंडीत सूर्याचीवाडीच्या तळ्यावर रोहित आले की त्याला घरचं लग्नसुद्धा दिसत नाही. बदकांची मराठी नावं त्याला मारुती चितमपल्लींच्या पक्षिकोशामुळे तोंडपाठ. थापट्या, तलवार बदक, भुवई, चक्रांग, शेंडी बदक, अडई, असं तो सुरू झाला की आक्का म्हणतात, “एवढी नावं पावण्यांची पाठ कर की.” तो कुंपणाशी आला आणि त्यानं अमेरिकेची गोष्ट काढली. तिकडे बदकांची शिकार अजून चालते, पण शिकाऱ्याला दरवर्षी सरकारी बदक-तिकीट विकत घ्यावं लागतं. 1934 पासूनची पद्धत. त्या पैशातून पाणथळ जागा विकत घेतात आणि राखतात. त्यामुळे तळ्यात परकं तण शिरलं की शिकारीच आधी बोंब मारतात.

“आणि काकू, 1910 मध्ये तर त्यांच्या संसदेत पाणघोडे आणायचं विधेयक आलं होतं.”

“कशाला?”

“केंदाळ खायला. लुइझियानाच्या नद्या बुजल्या होत्या. ब्रूसार्ड नावाचा तिथला खासदार. त्याचं म्हणणं, आफ्रिकेतून पाणघोडे आणू, ते केंदाळ खातील आणि आपण पाणघोडे खाऊ. मटण महाग झालं होतं तेव्हा.”

आप्पा इतके हसले की वेल परत खाली आला. “पाणघोडा! येरळंत! आरं, येरळंला पाणी कुठाय? त्याला टँकरनं पाणी घालावं लागंल!”

विधेयक मंजूर झालं नाही, हे अमेरिकेचं नशीब. पण आप्पांच्या डोक्यात जनावर बसलं ते बसलंच. “पाणघोडा कशाला, म्हशी हाईत की आपल्या,” ते म्हणाले. “आमच्या तळ्यात म्हशी बसायच्या तवर गवत माजलं न्हाई. आता म्हशी गोठ्यात, पाणी नळाचं, आणि तळं रिकामं.”

हे ऐकायला गावठी वाटतं, पण यावर या देशात एक मोठं आणि महागडं शिक्षण होऊन गेलंय. राजस्थानातलं भरतपूर. तिथल्या महाराजांनी बदकांच्या शिकारीसाठीच ते पाणी बांध घालून राखलं होतं. व्हाइसरॉय लिनलिथगो आले होते तेव्हाचा, 12 नोव्हेंबर 1938 चा आकडा तिथं दगडावर कोरलेला आहे: एका दिवसात 4273 पक्षी. पुढे अभयारण्य झालं, शिकार थांबली, मग राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1982 साली आतली चराई बंद केली. गावकरी भडकले, गोळीबार झाला, माणसं गेली. पक्षितज्ज्ञ सलीम अलींसारख्या जाणत्या माणसाचंही मत तेव्हा चराई थांबवावी असंच होतं. म्हशी बाहेर गेल्या आणि काय झालं? पाण्यात पसरणारं एक गवत बेफाम वाढलं, उघडं पाणी आकसलं, पाण्यावरचे पक्षी कमी झाले. हे लिहून ठेवलं ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनंच, म्हणजे सलीम अलींच्याच संस्थेनं. दहा वर्षं अभ्यास करून त्यांनी सांगितलं की त्या पाण्याला म्हशींची गरज होती. स्वतःच्या मताविरुद्ध आलेला निष्कर्ष छापायला हिंमत लागते. मला त्या अहवालाबद्दल आदर आहे तो त्यासाठी.

मात्र आप्पांचं पुरतं बरोबर नाही. म्हैस गवत खाते, पाणकणसाचे कोंब तुडवते, पण केंदाळावर तिचं पोट भरत नाही. दोन घास खाते आणि मान वळवते. नातवानं त्याचं कारण दाखवलं. तो तळ्यावरून बादलीत एक रोप घेऊन आला होता, कॉलेजात दाखवायला. त्यानं ते कुंपणाच्या खांबावर ठेवलं. देठ फुगलेले, बोटानं दाबले तर चरचर करणारे. एक देठ त्यानं नखानं चिरला: आत सगळी पांढरी जाळी, हवा भरलेली. खाली मुळं वीतभर, काळी-जांभळी, केसांच्या गुंत्याएवढी दाट, आणि त्यात दोन गोगलगाई, एक पारदर्शक झिंगा आणि गटारातला गाळ. बुडाशी एक आडवी दांडी, तिच्या टोकाला पिल्लू रोप, त्या पिल्लालाही दांडी फुटलेली. उन्हाळ्यात याला दुप्पट व्हायला पंधरवडाही पुरतो. वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. म्हणजे म्हशीनं टोपलीभर खाल्लं तरी पोटात गेलं काय? पाणी.

“वाळवायला टाक ते पत्र्यावर,” आक्का म्हणाल्या. “गटारात टाकशील तर शेरीनाल्यानं कृष्णामाईत जाईल आणि पाप आमच्या गल्लीवर.”

बादली जवळून बघितल्यावर मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या मुळांतला गाळ वाटली. केंदाळ साध्या स्वच्छ पाण्यात जगतं, पण माजत नाही. माजायला त्याला साबण, मैला, शेणाचं पाणी आणि उसाच्या रानातून उतरलेला युरिया लागतो. इचलकरंजीला पंचगंगा बघा, शिरोळातला तेरवाडचा बंधारा बघा. बंधाऱ्याला बरगे घातले की पाणी थांबतं, शहराचं सांडपाणी वरून येतच असतं, आणि उन्हाळ्यापर्यंत नदीवर हिरव्या गाद्या पसरल्यासारखं दिसतं. बरगे काढले, पाऊस आला, की सगळं खाली वाहून पुढच्या गावाचं. प्रत्येक गावाचा प्रश्न जूनमध्ये सुटतो आणि खालच्या गावाचा सुरू होतो. कोल्हापुरात रंकाळ्यावरही हे झालं, आमच्या सांगलीत काळ्या खणीवरही. यंत्रं आली, फोटो आले, केंदाळ काढलं. नाल्याचं तोंड होतं तिथंच राहिलं की ते परत येतं. त्यात केंदाळाचा काय दोष? आपण जेवायला वाढलं, ते जेवलं.

मेहुण्याच्या गावातही चौकशी केली तेव्हा निघालं तेच. वरच्या आळीचं गटार तीन-चार वर्षांपूर्वी पक्कं झालं, सिमेंटचं, आणि त्याचं तोंड थेट तलावाच्या ओढ्यात सोडलं. त्याच्या आधी सांडपाणी परसातल्या केळीला जायचं. केळी गेल्या, केंदाळ आलं.

मग कुंपणावरच बैठक झाली. फोन स्पीकरवर, पलीकडं मेहुणे, अलीकडं आम्ही चौघं. मेहुण्यांचा पहिला प्रश्न, त्यात गवत्या मासा सोडला तर? नातवानं सांगितलं की गवत्या पाण्याखालचं मऊ गवत खातो, केंदाळाला तो विचारत नाही. उलट बदकांच्या खाण्याचं पाणगवतच संपवेल. दुसरा प्रश्न, तो किडा म्हणे सरकार देतंय? सोंडकिडा आहे खरा. केंदाळावरच जगणारा, दुसऱ्या पिकाला तोंड न लावणारा. 1982-83 च्या सुमारास तो बाहेरून आणून बंगळूरच्या तळ्यांत सोडला, मणिपूरच्या लोकताक सरोवरातही त्याचा गुण आला. पण त्याला वर्षं लागतात, दोन-चार तरी. साठलेल्या तळ्यात तो टिकतो, पुरात वाहणाऱ्या ओढ्यात टिकत नाही. लावायचा तर लावा, पण त्याच्या जिवावर झोपू नका.

राहिलं केंदाळ उपसून काढणं. याचं नाव काढलं की सगळे कंटाळतात, कारण त्यात उद्घाटन होत नाही. एका एकरावरच्या भरगच्च केंदाळाचं ओलं वजन शंभर टनांच्या आसपास जातं. होडीतून ओढत बसलात तर कमरा मोडतील. आप्पांनी इथं मात्र खरी अक्कल सांगितली. फाल्गुन-चैत्रापासून दुपारी पश्चिमेचं वारं सुटतं आणि सगळं केंदाळ पूर्वेच्या काठाला जमतं. तिथंच पोकलेन उभा करायचा. रिकामे तेलाचे कॅन दोरीला बांधून ती दोरी मागून आडवी टाकायची, म्हणजे वारं फिरलं तरी केंदाळ परत पसरत नाही. वारा फुकट ओढून आणतो, यंत्र फक्त उचलतं. उचललेलं काठावर टाकायचं नाही, नाहीतर पहिल्या वळवाला त्यातलं खत परत पाण्यात. बांधाच्या पलीकडं न्यायचं, आठ दिवस वाळवायचं, मग शेण घालून ढीग करायचा. ते खत उसाला, झाडांना चालेल. शहराच्या नाल्यातलं असेल तर भाजीला घालू नये, कारखान्याचे काय काय धातू त्या मुळांनी ओढलेले असतात.

“सगळंच काढायचं का?” मेहुण्यांनी विचारलं.

यावर नातू जोरात म्हणाला, नाही. केंदाळ गेलंच पाहिजे, पण कडेचं आपलं पाणकणीस, लव्हाळा, कमळं ठेवा. जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी तिथंच घरटी करतात. अडई, हळदी-कुंकू पावसाळ्यात अंडी घालतात, त्यामुळे श्रावणात तळ्यात यंत्र घालायचं नाही. आणि उत्तरेकडची बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उतरतात, त्यांना तोवर मधे उघडं पाणी हवं. शेंडी बदक आणि वारकरी पाण्यावर पळत पळत उडतात. पळायला जागा नसेल तर उतरतच नाहीत. थोडक्यात, काम करायचं ते चैत्र-वैशाखात, पाणी खाली गेलेलं असताना.

“म्हंजे जीपवाले करत हुते तेच,” आप्पा म्हणाले. “फक्त बंदूक नको.”

ठराव बदलला, हे परवा कळलं. फवारणी रद्द. गटाराच्या तोंडाशी शोषखड्डे आणि पुढं केळी, कर्दळीचा पट्टा. म्हशींना दक्षिणेचा काठ मोकळा. पहिली काढणी अक्षय्य तृतीयेच्या आधी, आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी तरुण मंडळानं काठाकाठानं उरलेली रोपं वेचायची. हे दोन वर्षं करायचं, कारण तळातलं बी उगवत राहणार. तणनाशकाचं कोटेशन देणारा गृहस्थ रागावून गेलाय आणि शोषखड्ड्याचंही कोटेशन देऊन गेलाय.

आता अडलंय ते यंत्रावर. वाचणाऱ्यांपैकी कुणाचा पोकलेन चैत्रात दोन दिवस मोकळा असेल, तर माधवनगरात आप्पांना निरोप द्या. डिझेल गावाचं, राहायची सोय मेहुण्यांकडं, आणि जेवण आक्कांच्या माहेरचं, बदक सोडून काहीही.